माझ्यामागे गुरुवारच्या बटणांची व्यवस्था

मी, थेल्मा रूथ ऑडलिंग, वय वर्षे बाहत्तर, राहणार अल्व्हरबी, लिंकनशायर, पूर्ण शुद्धीत आणि दोन कप चहा पोटात असताना, माझ्या राजीखुशीने हे लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. दडपण आणायचे तर आधी कोणी घरी यावे लागते. मी आणि माझे पती क्लाइव्ह यांनी पूर्वी मिळून केलेले मृत्युपत्र या लेखाने रद्द समजावे. त्याच्या प्रत्येक कलमात 'दोघांपैकी जो मागे राहील त्याने' असे शब्द होते. मागे राहणाऱ्याला आपण मागे राहिलो आहोत एवढे तरी कळेल, असे आम्ही तेव्हा गृहीत धरले होते.

माझ्या स्वादुपिंडात गाठ आहे. डॉक्टर ख्रिसमसपर्यंतचे मोकळेपणाने बोलतात, त्यापुढचा विषय निघाला की कागद चाळायला लागतात. क्लाइव्ह गावाबाहेरच्या 'लार्चेस' या वृद्धनिवासात आहे. त्याची स्मृती गेली आहे, बाकी प्रकृती ठणठणीत. नाडी तपासणारी नर्स म्हणते, घोडा आहे घोडा. म्हणजे मी त्याच्याआधी जाणार, आणि सगळा घोळ तिथेच आहे. घरादाराची मला चिंता नाही. दर गुरुवारी त्याला चिखलाने माखलेले एक बटण कोण नेऊन देणार, ही एकच चिंता आहे. खालची कलमे मुख्यतः त्यासाठी आहेत.

आमच्या वकील श्रीमती लॅम्बर्ट यांनी मसुदा पाहून सांगितले, "थेल्मा, कलमं आखूड ठेवा. मनातलं काय ते वेगळ्या कागदावर लिहा."

मी म्हटले, "वेगळा कागद वाचतं कोण? हा तरी सगळे कान टवकारून ऐकतील. यात घर आहे."

त्या हसल्या, आणि कायद्याचे शब्द तेवढे त्यांनी जागच्या जागी बसवले. उरलेले माझे.

कलम १. घर आणि शिल्लक. घरातला माझा हिस्सा व बँकेतली शिल्लक क्लाइव्हच्या देखभालीसाठी राखून ठेवावी. त्याच्या पश्चात जे उरेल ते आमचा एकुलता एक मुलगा एड्रियन यास मिळावे. एड्रियन ब्रिस्टलला असतो आणि रविवारी फोन करतो. मुलगा वाईट नाही. सगळ्या गोष्टींचा हिशेब लागला पाहिजे असे मात्र त्याला वाटते. मागच्या महिन्यात म्हणाला, "आई, बाबांना गुरुवार आणि मंगळवार यातला फरक कळत नाही. एखादा चुकला तर काय बिघडलं? तू जरा पडून राहा."

"तुलाही लहानपणी वार कळत नव्हते," मी म्हटले, "तरी रविवारी पुडिंग नाही मिळालं तर घर डोक्यावर घ्यायचास."

यावर फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. एड्रियन, हे कलम वाचताना तू रडशील हे मला माहीत आहे. रड, पण घराच्या मागच्या दाराची कडी नीट बसत नाही, घर विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक येण्यापूर्वी ती दुरुस्त करून घे.

कलम २. यंत्रे व हत्यारे. क्लाइव्हचे आणि माझे अशी दोन्ही मेटल डिटेक्टर यंत्रे, शेतांत पुरलेल्या जुन्या धातूच्या वस्तू शोधणाऱ्या आमच्या क्लबला द्यावीत, नवख्यांनी वापरावीत. अट एकच. क्लाइव्हच्या यंत्रावर हलक्या धातूचा आवाज गाळून टाकायची जी कळ आहे, ती नवख्याला शिकवू नये. ती कळ दाबली की यंत्र फक्त सोन्याचांदीला बोलते आणि बटणाला मुके होते. क्लाइव्ह वर्षानुवर्षे ती दाबून चालला, आणि मी त्याच्या मागून त्याच वाटेने जाऊन माझा बटवा भरला. शेतात पुढे चालणाऱ्याला नेहमी वाटते की मागे काही उरले नाही.

लांब दांड्याचे फावडे रॉन सार्जिसन यास द्यावे. रॉन आमचा क्लबातला जुना सोबती, निवृत्त पोस्टमन. तोच या मृत्युपत्राचा व्यवस्थापक राहील. फावडे त्याने तसेही चार वर्षांपूर्वी उसने नेले आहे, त्यामुळे आणायला जायचा त्रास नाही.

क्लबच्या चिटणीसांना काहीही देऊ नये. वर्षातल्या उत्तम सापडीच्या स्पर्धेत त्यांनी माझे फुलाचे बटण 'इतर व किरकोळ' या खान्यात टाकले होते. मी विसरलेले नाही.

कलम ३. बटणे. ही माझी खरी इस्टेट. मागच्या खोलीत बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत आहेत. ज्यांची नोंद संग्रहालयाच्या बाईंकडे करायची ती केलेली आहे. शेतकरी श्री. ब्लँचर्ड यांचा त्यांवर काही दावा नाही. आमच्याकडची रीत अशी की दिवस संपला की शेतकऱ्याच्या दारात बटवे रिकामे करायचे, किमती वस्तूत त्याचा निम्मा वाटा. ब्लँचर्ड नेहमी माझ्या ढिगाकडे बघून म्हणत, "ही तुमची तुम्हालाच, ऑडलिंगबाई. माझ्या शर्टाला आहेत."

मला या छंदात कोणी बोलावले नव्हते. क्लाइव्हने यंत्र घेतले ते सोन्यासाठी. मी बांधावर विणकाम घेऊन बसायची. त्याला बटण सापडले की तो शिवी हासडून ते कुंपणात भिरकावायचा. एकदा असेच एक माझ्या लोकरीत येऊन पडले. मी थुंकी लावून पाहिले तर त्यावर कोणीतरी हाताने कोरलेले एक वेडेवाकडे फूल. पाकळ्या एकसारख्या नाहीत, एक जरा घसरलेली. कोणाचा तरी हात कोरताना हलला होता. ब्लँचर्डच्या शेतात अशी बटणे खूप. जुन्या काळी शहरांतल्या लोकरी चिंध्या खत म्हणून इथे आणून नांगरून टाकत. कापड कुजले, बटणे राहिली. बाकीची शेतमजुरांची, गाडीवानांची, पलटणीतून परत आलेल्यांची, आणि हवेलीतल्या नोकरांची, ज्यांवर मालकाच्या घराण्याचे चिन्ह म्हणून डुक्कर नाहीतर बगळा असतो.

सोने कोणीतरी लपवलेले असते. बटण कोणाचे लपवलेले नसते, ते पडलेले असते. त्या संध्याकाळी कोणीतरी छातीशी कोट घट्ट धरून घरी गेले असेल आणि कोणीतरी म्हणाले असेल, "पुन्हा हरवलंस?" मला ते दोघे दिसायचे. नाण्यावर राजाचा चेहरा असतो आणि राजाशी माझी ओळख नाही. बटणाच्या पाठीवर मात्र 'तिहेरी मुलामा', 'अस्सल रंग' अशी फुशारकी कोरलेली असते, आणि पुढून मुलाम्याचा पत्ता नसतो. अशी माणसे मला गावात भरपूर माहीत आहेत.

क्लाइव्ह म्हणायचा, "बटणं गोळा करणं म्हणजे दात कोरून पोट भरणं आहे, थेल्मा." मला तो क्लबात 'आमची बटणवाली' म्हणून ओळख करून द्यायचा. मी चिडायची. आज कोणी त्या नावाने हाक मारली तर मी तिथेच खाली बसेन.

कलम ४. गुरुवार. क्लाइव्हला निवासात ठेवले तेव्हा तो बोलेनासा झाला. अंगावरच्या शर्टाची बटणे पिळून पिळून तोडायचा. त्याची काळजी घेणारी टेंडाई, झिम्बाब्वेची, माझ्या मुलाच्या वयाची, मला म्हणाली, "बाई, या गृहस्थांचं बटणांशी काय भांडण आहे हो? आज तिसरा शर्ट."

मी दुसऱ्या दिवशी डब्यातले एक छान बटण नेले. त्याने ते पाहिले आणि परत दिले. "हे साफ झालंय," तो म्हणाला. "यात माझं काय काम?"

कित्येक आठवड्यांत तो बोललेले हे पहिले वाक्य. मी गाडीत येऊन ते एका पावतीच्या मागे लिहून ठेवले.

पुढच्या खेपेला मी बटण चिखलात माखून, वाळवून नेले. इथे मी फसले. बाहेर पाऊस होता म्हणून मी मागच्या अंगणातल्या कुंडीतली माती घेतली. त्याने ढेकूळ हातात घेतले, फोडले, नाकाशी धरले आणि माझ्याकडे असे पाहिले की मला वाटले, ओळखले त्याने मला.

"बाई," तो म्हणाला, "ही शेतातली माती नाही. ही पिशवीत विकत मिळते ती. तुम्ही मला बनवताय."

बायकोचा चेहरा गेला, आवाज गेला, नाव आणि माणूस यांची जोडी तुटली, पण ब्लँचर्डच्या शेतातली चिकणमाती त्याच्या बोटांत शाबूत राहिली. मी त्या मातीचा हेवा केला. लाज वाटत नाही मला हे लिहायला.

तेव्हापासून माती शेतातूनच येते. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवावे: माती 'लांब पट्टा' या शेतातली, फाटकाच्या डाव्या अंगाची, जिथे ती पिवळट आहे. श्री. ब्लँचर्ड यांची परवानगी आहे आणि त्यांनी स्वतः फाटकाशी झाकणाची बादली ठेवली आहे. बटण ओल्या मातीत दाबावे, एक बाजू किंचित उघडी राहू द्यावी, आणि शेडमध्ये सावकाश सुकवावे. शेगडीजवळ ठेवू नये, माती तडकते आणि त्याला कळते. सोबत वाटीभर पाणी, मऊ टूथब्रश आणि टोकदार काडी. खिडकीजवळची खुर्ची. तो ढेकूळ फोडतो, आणि मातीतून ती हिरवट गोल कड दिसते, तेव्हा त्याचा श्वास अडकतो. त्या क्षणाला ते बटण नसते. ते काहीही असू शकते. मी आयुष्यभर शेतात गुडघे भिजवले ते या एका क्षणासाठी, आणि त्याला तो आता कळला. तो माझा हात धरून म्हणतो, "थांबा, थांबा, अंगठ्याने घासू नका! मुलामा निघून जातो." हे त्याला मी शिकवले होते.

कलम ५. बटणांच्या झिजण्याबाबत. या गोष्टीने बटणे खराब होतात हे मला ठाऊक आहे. पुन्हा पुन्हा माती, पुन्हा ब्रश. बगळ्याची चोच गेली. फुलाच्या दोन पाकळ्या पुसट झाल्या. रॉनने शेडमध्ये पाहिले तेव्हा हातातला कप खाली ठेवला.

"थेल्मा, हे पाप आहे," तो म्हणाला. "दोनशे वर्षं मातीत टिकलं आणि तू त्याची वाट लावतेस? तू? बटण घासलं म्हणून मला भर शेतात झापणारी तू?"

"रॉन, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. इथे बटणाचा मुलामा जातोय, तिकडे माणूस जातोय."

त्याने बादलीत बोट बुडवून पाहिले. मग म्हणाला, "माती फार पातळ कालवतेस. दे इकडे."

म्हणून माझ्यानंतर बटणे माखण्याचे व गुरुवारी नेण्याचे काम रॉनने करावे. तो तयार आहे. क्लाइव्ह त्याला बॉयलर दुरुस्त करणारा समजतो आणि दर वेळी कुठे गळतंय ते दाखवतो. रॉनने वाद घालू नये. बॉयलर पाहावा, मान हलवावी, आणि म्हणावे की पाइप घालायला चर खणताना हे सापडले. कोणतेही बटण न्यावे, राखून ठेवू नये. झिजू देत. क्लाइव्हच्या पश्चात जी उरतील ती क्लबच्या नवख्यांना एकेक द्यावीत, म्हणजे पहिल्या दिवशी कोणी रित्या हाताने घरी जाणार नाही.

कलम ६. हिरवा कोट. क्लाइव्हला एकदाच सोन्याचे नाणे सापडले. ब्लँचर्डचा वाटा देऊन जे उरले त्यातून त्याने मला हिरवा लोकरी कोट आणला आणि दुकानातच त्याची सगळी बटणे उसवून घेतली. "तुझी तू लाव," म्हणाला, "घरात काय कमी आहेत?" मी शेतातली लावली, एकही दुसऱ्यासारखे नाही. तो कोट मी अठ्ठावीस हिवाळे घातला.

निवासात तो मी एकदाच घालून गेले. क्लाइव्हने एकेका बटणावरून बोट फिरवले, आणि त्याचा चेहरा उतरला. "हा थेल्माचा कोट आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे कसा आला?" मी काही बोलायच्या आत तो उभा राहिला, ओरडायला लागला. "तिचा कोट घेतलाय या बाईने! ती थंडीत असेल! अरे कोणीतरी बघा ना, ती थंडीत असेल!"

टेंडाईने मला बाहेर नेले. मी कोट काढून गाडीच्या मागच्या सीटवर टाकला. तेव्हापासून मी साध्या जाकिटात जाते. माझ्यासाठी तो असा कासावीस झालेला मी पाहिला, आणि त्याला जवळ घ्यायची सोय नव्हती.

मला त्या कोटात पुरावे. चर्चच्या आवारात यंत्र फिरवायला मनाई आहे, त्यामुळे क्लबातल्या कोणी आशा धरू नये.

कलम ७. माझी नणंद मेव्हिस. श्रीमती लॅम्बर्ट यांनी सांगितले की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही. मी लगेच म्हटले, "मग मेव्हिसलाच बोलवा साक्षीला." ही माझी पहिली इच्छा होती, ती नोंदवून ठेवते.

कारण असे. क्लाइव्ह मेव्हिसला ओळखतो. दारातून आत आली की, "मेवी, आलीस? आई कुठाय?" मला 'अहो बाई' म्हणतो आणि तिला 'मेवी'. ती वर्षातून चार वेळा येते, लेमन केक आणते, त्याच्या गालावर ओठ टेकते. मी दर गुरुवारी जाते. याचा राग कोणावर काढायचा हे न कळल्यामुळे मी तो मेव्हिसवर काढत आले.

पण तिचाही दोष आहे. ईस्टरच्या आठवड्यात ती आली असता तो बटण धूत होता. मेव्हिसची सवय, उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाली, "क्लाइव्ह, काय वेड्यासारखं बाई बाई करतोस? अरे ही थेल्मा! तुझी बायको!"

त्याने माझ्याकडे पाहिले. आधी हसला. "काहीतरीच काय मेवी. थेल्मा एवढी म्हातारी नाही." मग हसू थांबले. माझ्या हातांकडे बघितले, चेहऱ्याकडे बघितले. "तिला काय झालं?" तो हळूच म्हणाला. "तुम्ही सगळे मला सांगत का नाही? तिला काय झालं?" पायात बूट न घालता तो दाराकडे निघाला. त्या दिवशी बटण अर्धेच धुतलेले राहिले.

गाडीपाशी मेव्हिस म्हणाली, "खोटं बोलून त्याला जगवायचं का, थेल्मा? मला नाही जमत ते. आमच्या घरात खोटं चालत नव्हतं."

"तुमच्या घरात खोटं चालत नव्हतं, कारण कोणी कोणाशी बोलतच नव्हतं," मी म्हटले. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे.

तर आता मागणे माझे आहे. मेव्हिस, मी गेल्यावर तू त्याला भेटायला येशील, आणि तू सांगितलेले तो खरे मानतो, कारण तो तुला ओळखतो. माझ्या मरणाची बातमी त्याला फक्त तूच देऊ शकतेस. देऊ नकोस. एकदा दिलीस तर तो रडेल, झोपेल, विसरेल, आणि उठून विचारेल, आणि तू खरे बोलणारी बाई, पुन्हा सांगशील. माझे मरण त्याला किती वेळा भोगायला लावणार आहेस? मी हात जोडते. तुझ्या आईचे उभे घड्याळ, ज्यावरून आपण एकवीस वर्षे कुरकुर केली, ते मी तुला देते. लाच म्हण हवे तर. त्यामुळेच तू या कागदावर साक्षीदार होऊ शकली नाहीस.

कलम ८. टेंडाई. निवासाच्या नियमाप्रमाणे तिला काही देता येत नाही. म्हणून तिच्यावर दोन कामे तेवढी सोपवते. एरवी देणे-घेणे उलटे असते, पण तिला याचे नवल वाटणार नाही.

पहिले काम. बटण धुऊन झाले की क्लाइव्ह ते रुमालात गुंडाळतो आणि समोरच्याच्या हातात देतो. आजवर ते माझ्या हातात यायचे. "माझ्या बायकोला द्याल का हे? थेल्मा नाव तिचं. बटणांची वेडी आहे." मी "देते" म्हणते. ते घरी आणून पुन्हा मातीत दाबते. जूनमध्ये एकदा तो पुढे वाकून, कोणी ऐकत नाही ना असे पाहून म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो, बाई. ती शेतात वाकून बटण उचलते ना, तेव्हा तिच्याकडे बघावं. राणीचा मुकुट सापडला तरी कोणी एवढं खूश होणार नाही. मी यंत्राचा आवाज ऐकल्यासारखं करतो आणि तिच्याकडे बघत असतो."

"तिला सांगितलंत का कधी?" मी विचारले.

"छे! डोक्यावर चढून बसेल. तुम्हीही सांगू नका हं."

मी सांगणार नाही असे वचन दिले. सगळा संसार त्याने मला चिडवण्यात घालवला, आणि हे एका परक्या बाईला सांगितले. ती परकी बाई मी होते म्हणून मला ते ऐकायला मिळाले. हे माझे भाग्य की दुर्दैव, मला ठरवता येत नाही.

माझ्यानंतर तो बटण देईल तेव्हा ते टेंडाईने घ्यावे, "देते" म्हणावे, आणि रॉनकडे परत करावे.

दुसरे काम मला लिहायला जड जाते. शेतावरच्या दिवशी आमची एक रीत होती. जो आधी घरी पोचेल त्याने पान मांडायचे, आणि दुसरा आल्याशिवाय घास घ्यायचा नाही. मागच्या महिन्यात टेंडाईने मला कॉरिडॉरमध्ये थांबवले.

"बाई, तुम्हाला सांगू की नको असं झालंय. गुरुवारी तुम्ही गेलात की ते जेवत नाहीत. ताटावर दुसरं ताट झाकून ठेवतात. म्हणतात, थेल्मा शेतातून येईलच. सूप गार होतं, मी गरम करून आणते, पुन्हा झाकतात. शेवटी झोप लागते त्यांना खुर्चीतच."

म्हणजे मी मातीचा वास घेऊन जायचे, त्याला शेत आठवायचे, आणि मी निघून आले की तो माझी वाट पाहत उपाशी राहायचा. मी घरी येऊन टोस्ट खात होते.

त्यावर उपाय एका निरोपाचा आहे. तो मला सुचला नाही असे नाही. तीन गुरुवार झाले, मी तो निरोप ओठांवर घेऊन बसते आणि न सांगता परत येते. कारण तो सांगितला की क्लाइव्ह माझी वाट पाहायचे थांबेल. या जगात माझी वाट पाहणारे तेवढे एकच माणूस उरले आहे, आणि मी जिवंत असेपर्यंत मला ते सोडवत नाही. टेंडाईला सांगितले आहे की त्या दिवशी दुपारी त्याला भरपूर खाऊ घाल.

पण मी गेल्यावर त्याला असे ठेवू नये. मी गेल्यानंतरच्या पहिल्याच गुरुवारी, त्याने ताट झाकले की टेंडाईने त्याच्या शेजारी बसावे, ताटावरचे ताट काढावे, आणि निरोप माझा म्हणून, माझ्याच शब्दांत, एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगावा:

"क्लाइव्ह, मला उशीर होणार आहे. तू वाट बघू नकोस. जेवून घे."

येणेप्रमाणे हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, वाचून पाहिले आणि खालील दोन साक्षीदार एकाच वेळी खोलीत हजर असताना सही केली. त्यांनीही माझ्यादेखत सह्या केल्या. दोघांपैकी कोणालाही यातून काही मिळत नाही. चहा आणि आल्याचा केक तेवढा दिला.

ठिकाण: अल्व्हरबी, लिंकनशायर
दिनांक: १४ नोव्हेंबर २०१८, बुधवार

(सही) थेल्मा रूथ ऑडलिंग

साक्षीदार:
१. (सही) क्लिफर्ड ब्लँचर्ड, शेतकरी, अल्व्हरबी
२. (सही) आयव्ही मॉल्टबी, निवृत्त ग्रंथपाल, शेजारीण